कराचा दर घटवून पळालेला नफा परत येत नाही

महोदय,

करसुधारणेचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली असते : कंपनीकर कमी करा, नाहीतर भांडवल दुसऱ्या देशात जाईल. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

हिशेबतपासणीत माझी सारी हयात गेली. त्यातली एका कंपनीची नोंद आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. दर १०० च्या विक्रीमागे खरा खर्च ७०, म्हणजे नफा ३०. त्यातले २८ परदेशातल्या भगिनी कंपनीला, म्हणजे त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला, ब्रँड वापरल्याची ‘रॉयल्टी’ म्हणून. त्या भगिनी कंपनीला ना कारखाना, ना कामगार. एक पत्ता आणि एक करारनामा. कर लागला तो उरलेल्या २ वर. कागद चोख होते, बोट ठेवायला जागा नव्हती. कराचा दर निम्मा केला असता तरी त्या २८ मधलं काहीही परतलं नसतं, कारण तिकडे दर जवळपास शून्य होता. आणि ही नोंद ज्या कारकुनाने केली, त्याचा कर मात्र पगार हातात पडण्याआधीच कापलेला असायचा.

अमेरिकेने १९८६ साली कंपनीकर ४६ वरून ३४ टक्क्यांवर आणला, याचे दाखले हिरीरीने दिले जातात. त्याच कायद्याने कितीतरी सवलती आणि पळवाटा बंद केल्या होत्या, हे सांगायचं मात्र राहून जातं. सुधारणा खरी ती तिथे होती.

दरांच्या शर्यतीत देश कुठवर जातात, हे आयर्लंडने दाखवलं. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये आयर्लंडला अॅपलकडून १३ अब्ज युरो करापोटी वसूल करायला सांगितले, तेव्हा आयर्लंडच आयोगाविरुद्ध न्यायालयात गेला. स्वतःच्या तिजोरीत येणारा पैसा अडवण्यासाठी! २०२४ मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला आणि पैसे घ्यावे लागले.

२०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर मान्य केला. तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण जून २०२५ मध्ये ‘जी-७’ देशांनी अमेरिकी कंपन्यांना त्यातल्या मुख्य नियमांतून वगळण्याचं ठरवलं. तरीही एक दार उघडं आहे : आपल्या हद्दीतला नफा १५ टक्क्यांहून कमी करात सुटत असेल, तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट त्या देशाने स्वतःच वसूल करावी. त्या सहमतीप्रमाणे, सोडून दिलेला हा कर दुसरा देश नेऊ शकतो, मग तो सोडायचा कशासाठी?

त्यापुढे जाऊन, कर लावण्यासाठी नफ्याची देशादेशांतली वाटणीही करारनाम्यावरून न करता, गिऱ्हाईक कुठे आहे आणि कामगार कुठे राबतात यावरून व्हायला हवी. गिऱ्हाईक करासाठी देश सोडून जात नाही. मात्र याच कारणाने सगळा भार खरेदीवरच्या करावर टाकणं मला मान्य नाही. कमी कमाईवाल्याची जवळजवळ सगळी मिळकत खरेदीतच संपते.

माझी मागणी एवढीच : भगिनी कंपन्यांना गेलेली रॉयल्टी, व्याज आणि सल्ला-शुल्क किती, आणि सवलतींपायी सोडलेला महसूल किती, हे दरवर्षी अर्थसंकल्पासोबत उद्योगवार छापा. हे आकडे सभागृहासमोर येईपर्यंत दरकपातीचा कुठलाही प्रस्ताव मतदानाला घेऊ नये.

– एक निवृत्त हिशेबतपासनीस