नव्या सभासदांनी कुंडली मांडून आणावी
पुढच्या बैठकीला येताना आपली लग्नकुंडली कागदावर हाताने मांडून आणा. मोबाइलवरचा फोटो नको. जन्मवेळ आधी तपासा. साधारण ४ मिनिटांत लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचक्राचा बिंदू) १ अंश सरकतं; ते राशीच्या काठावर असेल तर थोड्या फरकाने लग्नरास बदलते आणि सगळी स्थानंही (लग्नापासून मोजलेली कुंडलीतली बारा घरं).

नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे घरातला आकडा स्थानाचा समजणं. तो राशीचा असतो! वरच्या मधल्या घरात ५ असेल तर सिंह लग्न, लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) रवी. तिथून डावीकडे मोजायचं, म्हणजे ६ लिहिलेलं घर हे दुसरं स्थान.

सॉफ्टवेअरमध्ये अयनांश (सायन आणि निरयन राशीचक्रांतला अंशांचा फरक) लाहिरी या पद्धतीचा ठेवा. चुकून सायन (वसंतसंपातापासून मोजणारी, पाश्चात्त्य ज्योतिषातली पद्धत) निवडलं तर ग्रह सुमारे २४ अंश पुढे दिसतात, बरेचसे पुढच्या राशीत जातात.

दृष्टी (ग्रहांची इतर स्थानांवरची नजर) आणि दशा (ग्रहांचे कालखंड) इतक्यात नको.