जाहिरात मीच लिहिते

मिरज

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली गाडीची जाहिरात वाचली. 'शोरूम कंडिशन, लेडी ड्रिव्हन, अर्जंट सेल.' तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. 17 वर्षांच्या गाडीला कुणी शोरूम कंडिशन म्हटलं तर मी त्याच्या दारातसुद्धा जाणार नाही. अर्जंट काही नाही, गाडी अंगणात उभी आहे आणि खायला मागत नाही. बाईने चालवली म्हणजे हळू चालवली, असं जे तुला सुचवायचंय, त्यातलं खरं किती हे अंकलीच्या पुलापासून जयसिंगपूरपर्यंत माझ्या शेजारी हँडल धरून बसलेल्या माणसाला मी काय सांगू?

तेव्हा जाहिरात मीच लिहिते. तू नुसती टाइप कर.

पहिली ओळ अशी: टाटा इंडिगो मरीना, 2008, टर्बो डिझेल, 1405 सीसी, पहिला मालक, एमएच 10, एक लाख अडतीस हजार किलोमीटर, पासिंग 2028 पर्यंत. पासिंगचं मोघम लिहू नकोस. 15 वर्षं झाली तेव्हा, 2023 मध्ये, 5,000 रुपये फी आणि डिझेलचा 3,500 रुपये पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून घेतली आहेत. 2028 ला घेणाऱ्याला पुन्हा पासिंगला उभं राहावं लागेल आणि 20 वर्षांपुढच्या मोटारीची फी सरकारने 2025 च्या ऑगस्टमध्ये 10,000 करून ठेवली आहे. आज सत्तर-ऐंशी हजार मोजणाऱ्याला हे आधी कळलं पाहिजे. नंतर कळलं तर तो आपल्या नावाने खडे फोडेल, आणि ते बरोबरच असेल.

'फॅमिली कार' हा शब्द काढ. ज्याला फक्त माणसं न्यायची आहेत त्याला ही घेऊन काय करायचंय? लांब डिकीच्या गाड्या आपल्याकडे कधी चालल्याच नाहीत. टाटांनीच 1992 मध्ये इस्टेट काढली होती. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपेलची कोर्सा स्विंग आली, 2004 मध्ये ही मरीना. एकीचंही बस्तान बसलं नाही. एवढे पैसे घालणाऱ्याला मागे वेगळी डिकी काढलेली दिसायला हवी असते, म्हणजे चारचौघांत गाडी मोठी वाटते. घरात माणसं जास्त असतील तर तो इनोव्हाकडे वळतो. मधली ही त्याला अँब्युलन्स वाटते. तुझे बाबा शोरूममध्ये हेच म्हणाले होते, सेल्समनच्या देखत.

पण मला गाडी माणसांसाठी नकोच होती. पुरुषी तंबोरा चांगला पाच फुटांचा. साध्या डिकीत तो जात नाही, मागच्या सीटवर तिरपा ठेवला तर दार लागत नाही आणि टपावर बांधून उन्हातून नेला तर भोपळ्याचा जोड सुटायची भीती. हिच्यात मागचं सीट पाडायचं, खाली वाकळ पसरायची, भोपळा मागे डिकीकडे, दांडी पुढे दोन सीटच्या फटीत आणि खुंट्यांना टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे गिअर टाकताना कोपर लागून सूर उतरत नाही. दुसरा तंबोरा त्याच्या शेजारी उलट्या तोंडाने. मग पेटी, डग्गा-तबला, आणि तरीही एक विद्यार्थी बसेल एवढी जागा उरते. परीक्षांच्या दिवसांत आणि दर्ग्याच्या उरुसाच्या संगीत सभांना या गाडीने जे केलंय ते टेम्पोला जमलं नसतं, कारण टेम्पोला तंबोरा आणि गहू यांतला फरक कळत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते वाद्य आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी मात्र आता बाजारात शोधावी लागते.

म्हणून जाहिरातीत लिही: साउंडवाले, फुलवाले, केटरर, फोटोग्राफर, वाद्यं नेणारे, मोठा कुत्रा पाळणारे, यांच्या उपयोगाची. सामान आहे पण टेम्पो घ्यायचा नाही, असं माणूस हिचं गिऱ्हाईक. बाकीचे येऊन नुसता चहा पिऊन जातात.

आता दोष. हे तू जाहिरातीत घालणार नाहीस, मला माहीत आहे, पण घालायचेच. मागच्या डाव्या दाराचा खालचा पत्रा सडायला लागला आहे, बोटाने दाबलं की रंग फुगलेला कळतो. एसी गार करतो, पण मे महिन्यात दुपारी मागे बसणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर बाजूची काच वर जाताना मधेच थबकते, तिला हाताने आधार द्यावा लागतो. डिकीच्या आतल्या प्लास्टिकवर घासल्याच्या रेघा आहेत, त्या पेटीच्या कड्यांच्या. तुझं म्हणणं, दाराला पुट्टी भरून स्प्रे मारला की दोन-तीन हजारांत काम होतं आणि किंमत पाच हजारांनी वाढते. भोपळ्याला गेलेला तडाही असा भरता येतो, वरून पॉलिश केलं की डोळ्यांना दिसत नाही. पण आपल्या गल्लीतला चांगला कारागीर तिथे गिऱ्हाइकाचं बोट धरून ठेवतो आणि मग किंमत सांगतो. मी आयुष्यभर त्यांच्याकडूनच वाद्यं घेतली, आता दाराच्या पत्र्यासाठी वेगळा नियम कुठून आणू?

शिवाय चांगलं सांगायलाही पुष्कळ आहे. फाइल आहे. 2008 पासूनची ऑइल बदलल्याची, ब्रेकची, क्लच प्लेटची, टायरची बिलं तारखेने लावलेली. टायमिंग बेल्ट एक लाख वीस हजार किलोमीटरला बदलला, त्याचं बिल वर ठेव आणि फोटो काढ. या इंजिनात तो बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर वाल्व पिस्टनवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. डिझेल गाडी जाणणारा माणूस सगळ्यात आधी तेच विचारतो. न जाणणारा म्युझिक सिस्टीम विचारतो.

आणखी एक. कुणी बघायला येणार असेल तर बाबांना सांग, आधी गाडी सुरू करून ठेवायची नाही. त्यांना वाटतं पाहुण्यांसमोर पहिल्या झटक्यात लागली की बरं दिसतं. गरम इंजिन सगळ्यांचंच पहिल्या झटक्यात लागतं. किल्ली अर्धी फिरवायची, पिवळा कॉइलचा दिवा विझू द्यायचा, मग स्टार्टर. थंड गाडी अशी लागली, पहिला धूर थोडा येऊन थांबला आणि इंजिन स्थिर झालं, की समोरचा काय ते समजतो. बोनेटवर हात ठेवून बघणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला खुर्ची द्या.

आतापर्यंत आलेल्यांची हकिकत तुला फोनवर तुकड्यातुकड्यांत कळली आहे. तू सांगितलेल्या त्या जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीने फोनवर एक आकडा दिला. मग त्यांचा मुलगा आला, पत्र्यावर यंत्र लावत गाडीभोवती फिरला आणि आकडा निम्म्यावर आणला. मुलगा बिचारा नम्र होता, त्याचा दोष नाही, पण धंद्याची ही रीत मला पसंत नाही. दुसरा एक फोनवरच गाडी घ्यायला तयार. म्हणे मी फौजी, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, एवढं पेन्शन घेणाऱ्या बायकांनाही कळतं. मी त्याला म्हटलं, जय हिंद.

तिसरे अथणीचे. माणूस सभ्य, गाडी आवडली, पैसे रोख. पण गाडी कर्नाटकात न्यायची म्हणजे आपल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, आणि तिकडे जाऊन पुन्हा कर. ते म्हणाले, एनओसी राहू द्या, बॉर्डर इथेच आहे, मी असाच एमएच 10 वर फिरवतो. मी नाही म्हटलं. चौथा डीलर. त्याने सगळ्यांत जास्त, 85,000 सांगितले, फक्त नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या हव्यात. घेणाऱ्याचं नाव तो गिऱ्हाईक मिळालं की भरणार.

तुझ्या मते मी इथे हट्ट केला. ओंकार, गाडी अंगणातून गेली म्हणजे विकली गेली असं नसतं. आरसीवर माझं नाव आहे तोवर ती माझी आहे, मग ती कुणाच्याही दारात असो. तुझ्या वकील मामाने मला 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून दाखवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. मूळ मालकाने 2007 मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात फिरली, नाव कुणीच बदललं नाही. 2009 मध्ये अपघात झाला. गाडी मागे घेताना एक मूल गेलं. कोर्टाने भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदणीत होतं त्या पहिल्या मालकावरच ठेवली. मला त्यातले पैसे आठवत नाहीत, ते मूल आठवतं. आपल्या नावाची गाडी कुठे, कोण, कशी चालवतंय हे ठाऊक नसताना रात्री झोप लागेल अशी माणसं असतील, मी त्यातली नाही.

डीलरला विकूच नये असंही नाही. 2023 च्या एप्रिलपासून आरटीओचं अधिकारपत्र असलेला डीलर असेल, तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करता येते आणि तिथून पुढे जबाबदारी त्याची. मी त्याला एवढंच विचारलं, अधिकारपत्र आहे का? साहेब चहा न घेता गेले.

आता कागद. फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरून, त्याच्या सहीसह. कायद्याने मी 14 दिवसांत कळवायचं आणि त्याने 30 दिवसांत नावावर करून घ्यायची, पण आपण तसं करायचं नाही. इसार घ्यायचा, दोघांनी बसून परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा, पावती हातात आली की उरलेले पैसे आणि किल्ली. कर्ज फिटलं तेव्हाच बँकेची नोंद उतरवून घेतली होती, त्यामुळे फॉर्म 35 चं लचांड नाही. पीयूसी नवी आहे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे. ई-चलन पाहिलं तर एक निघालं, खंबाटकीच्या पुढचं, दिवाळीतलं, गाडी तुझ्याकडे होती तेव्हाचं. भरलं. पावती तुला पाठवली आहे, शोभेची म्हणून ठेव.

विमा गाडीबरोबर जातो, पण घेणाऱ्याने 14 दिवसांत कंपनीला कळवून तो आपल्या नावावर करून घ्यायचा, हे त्याला सांगून ठेवीन. नो क्लेम बोनस मात्र माझा, गाडीचा नाही. सध्या 50 टक्के आहे आणि कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला लागतो. नवी म्हणजे छोटी ऑटोमॅटिक, गुडघ्यांसाठी. आता घराबाहेर फारसे कार्यक्रम घेत नाही आणि क्लासला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे. बाबा त्याला डास म्हणतात.

किंमत. कुपवाडचा एक मुलगा दोनदा येऊन गेला. लग्नकार्यात साउंडचं काम करतो, सध्या बॉक्स रिक्षा-टेम्पोने नेतो. पहिल्यांदा आला तो सकाळी सातला, फिटरला बरोबर घेऊन, आणि त्याने बोनेटवर हात ठेवला. दार दाबून पाहिलं, फाइल पान पान चाळली आणि 72,000 म्हणाला. दुसऱ्या वेळी बॉक्सची मापं घेऊन आला, टेपने डिकी मोजली. नाव लगेच बदलायला तयार आहे. मी 78,000 वर आहे, तो पंच्याहत्तरला येईल असं दिसतं. डीलरपेक्षा दहा हजार कमी, बरोबर. ते दहा हजार मी तुझ्याकडून मागत नाहीये.

तेव्हा जाहिरात आत्ता टाकू नकोस. तो रविवारी वडिलांना घेऊन येतोय. नाही आला तर सोमवारी टाक, वर लिहिलंय तशीच, दारासकट.

तुझं एक काम मात्र त्याआधीचं. फास्टॅग तुझ्या मोबाइल नंबरवर आणि तुझ्या बँकेच्या खात्यात आहे. किल्ली दिली त्याच दिवशी तो बंद कर. जुना टॅग बंद झाल्याशिवाय त्याला या गाडीसाठी नवा घेता येणार नाही, आणि तू विसरलास तर तो पुण्याला बॉक्स घेऊन निघाला की तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर अशा तिन्ही टोलनाक्यांचे मेसेज तुलाच येतील.

तुझी,
आई