तार आहे, भट्टी हवी आहे

सप्रेम नमस्कार.

निटिनॉल हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. चेपून बारीक नळीत भरला, तरी नळीबाहेर आला की शरीराच्या उबेत मूळ आकार धरतो. म्हणून स्टेंट, हृदयाच्या झडपांचे सांगाडे, रक्ताच्या गुठळ्या अडवणाऱ्या जाळ्या त्याच्या करतात. पण तो आकार त्याला आधी शिकवावा लागतो. तार साच्यावर आवळायची, साधारण ५०० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवायची आणि लगेच पाण्यात टाकायची.

आमच्या कार्यशाळेत असे सांगाडे नमुन्यादाखल बनवतो. लेझरने नळी कापून घेणे परवडत नाही, म्हणून तार वळतो. खरा पैसा साच्यात जातो, कारण माप बदलले की साचा नवा. त्यावर उपाय म्हणून स्टेनलेस स्टीलच्या जाड पट्टीला ओळीने भोके पाडली आणि पिना हव्या तिथे हलवता येतील असे केले. पट्टी तीच, पिनांच्या जागा तेवढ्या बदलायच्या. हे छान जमले आहे.

घोडे अडले आहे भट्टीपाशी. गेल्या महिन्यात एकाच रिळाच्या तारेचे दोन सांगाडे एकदमच भाजले, एक दारापाशी, एक मागे. दोन्ही बर्फाच्या पाण्यात दाबून ३७ अंशांच्या पाण्यात सोडले. मागचा टणकन उघडला. दारापाशचा अर्धवट मिटूनच राहिला. भट्टीत तापमान थोडे इकडेतिकडे झाले, तरी धातू कितव्या अंशाला उघडणार ते सरकते.

तेव्हा कोणाकडे वापरात नसलेली मफल भट्टी, म्हणजे बंद कप्प्यात तापवणारी विजेची भट्टी, असेल तर कळवा. तापमान राखणारा कंट्रोलर बिघडलेला चालेल. कॉइल आणि विटा शाबूत हव्यात. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), स्टेनलेसचे तुकडे, रिळात उरलेली निटिनॉलची तारही हवी. तारेचा प्रमाणपत्राचा कागद नसला तर ती नवशिक्यांच्या सरावाला वापरू. जस्ताचा मुलामा असलेले मात्र काही देऊ नका, जस्त ४२० अंशांनाच वितळते आणि तारेला चिकटते. रोख देणगीतून फक्त तार आणि भट्टीची दुरुस्ती होईल. हिशेबाची वही कोणीही पाहावी.

सगळ्यात निकड आहे ती भट्टीचे तापमान जागोजाग मोजून देणाऱ्या जाणकाराची. एक दिवस पुरे.

आमचा कुठलाही नमुना माणसाच्या शरीरात बसवला जाणार नाही. त्याची चाचणी सिलिकॉनच्या नळीत, कोमट पाण्यातच होते.

आपली,
कार्यशाळा समिती