पायांखाली सरकवलेले खोके

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या ज्या बाईने आपल्या आईच्या गोळ्यांची पिशवी तुमच्या टेबलावर रिकामी केली होती, ती मी. तुमच्या आरोग्य उपकेंद्रात रोज इतकी माणसे येतात की माझा चेहरा तुमच्या लक्षात असेल असे मी धरून चालत नाही. आई मात्र लक्षात असेल, कारण तुमच्याविषयी तिने वाडीत एवढे सांगितले आहे की त्यातले थोडे तुमच्या कानांवर नक्कीच आले असेल. हे पत्र मी मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे. जिथे आमची हेळसांड झाली त्या ठिकाणांविषयी आम्ही चारचौघांत पुष्कळ बोललो, आणि जिथे काम नीट झाले तिथे मात्र ‘बरे झाले’ एवढे म्हणून गप्प बसलो, तर तो तुमच्यावर अन्याय होईल.

आईचा रक्तदाब वाढलेला आहे हे आम्हाला तुमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. तालुक्याच्या गावातील एका खाजगी दवाखान्यात तिचे उपचार चालू होते. तिथे जिना चढून गेल्या गेल्या तिला तपासणीच्या उंच टेबलावर बसवत. पाठीला टेकायला काही नसे, पाय अधांतरी लोंबत असत, पट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला जाई, आणि यंत्र चालू असताना डॉक्टर एकीकडे फोनवर बोलत व दुसरीकडे आईला प्रश्न विचारत. वरचा आकडा कायम १७० च्या पुढे. मग ‘गोळी नीट घेत नाही वाटते’ असे माझ्याकडे बघून म्हणायचे, आईकडे बघून नव्हे, आणि गोळीचा डोस वाढवायचा. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमचे १० झाले ते अशाच एका भेटीत. आकडा उतरत नाही म्हणजे एकतर रुग्ण खोटे बोलतो किंवा औषध कमी पडते, यापलीकडे तिसरी काही शक्यता असू शकते, हे त्या खोलीत कोणाच्या मनातही आले नाही. निवडणुकीच्या आधी मोठमोठे फलक लावून भरवलेल्या एका आरोग्य शिबिराचा अनुभव तर याहून मजेदार होता. तिथे ध्वनिक्षेपकावर नेत्याचे भाषण चालू असताना, रांगेत उभ्या असलेल्या आईचा रक्तदाब उभ्यानेच मोजला गेला आणि तिच्या हातात एक कॅलेंडर देण्यात आले.

तुमच्याकडे आम्ही आलो तेव्हा तुम्ही आधी पट्टा उचललाच नाही. आईला पाठ टेकता येईल अशी खुर्ची दिलीत, लघवीला जाऊन यायचे आहे का ते विचारलेत, मिश्री लावून किती वेळ झाला तेही विचारलेत, आणि पाच मिनिटे शांत बसायला सांगून तोवर दुसऱ्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड भरायला घेतलेत. मग उठून आलात आणि थबकलात. माझी आई ठेंगणी. खुर्चीत मागे टेकून बसली की तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. तुम्ही कोपऱ्यातले सलाईनच्या बाटल्यांचे रिकामे खोके ओढून आणलेत, वाकून तिच्या पायांखाली सरकवलेत, दोन्ही पावले त्यावर नीट टेकली आहेत ना ते पाहिलेत आणि मगच पोलक्याची बाही वर करून, दंड छातीच्या उंचीवर येईल असा टेबलावर ठेवून, पट्टा बांधलात. मी काहीतरी विचारू लागले तेव्हा ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलेत. पाय लोंबकळत असले, पाठ टेकलेली नसली, माणूस बोलत असला, तर आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसतो, हे तुम्ही नंतर समजावून सांगितलेत. आकडा १५८ आला, थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावर १५४. जास्तच होता, पण तो आईचा होता. तालुक्यातल्या जिन्याचा आणि डॉक्टरांच्या फोनचा वाटा त्यात नव्हता.

ते खोके सरकवताना तुमची नजर तिच्या घोट्यांवर गेली. आजवर आईच्या दंडाकडे अनेकांनी पाहिले होते, पायांकडे कोणी पाहिले नव्हते. तुम्ही अंगठ्याने घोट्याजवळ दाबलेत, तिथे खळगा पडला, आणि अगदी हलक्या आवाजात तुम्ही विचारलेत, ‘मावशी, ही सूज आल्यापासून गोळी रोज घेतेस की मधूनमधून?’ या प्रश्नात दटावणी नव्हती म्हणूनच त्याला खरे उत्तर मिळाले. डोस वाढल्यावर पाय सुजू लागले, पाय सुजले म्हणजे गोळीने किडनी निकामी केली असे शेजारणीने सांगितले, आणि तेव्हापासून आई फक्त डोके दुखेल त्या दिवशी गोळी घेत होती. म्हणजे बहुतेक दिवस घेतच नव्हती. हे तिने बाबांना सांगितले नव्हते, मला सांगितले नव्हते, आणि दवाखान्यात सांगण्याची तर सोयच नव्हती. तुम्ही तिला दोष दिला नाहीत. घोट्यांवरची सूज हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, डोस वाढला की तीही वाढते आणि बहुतेक वेळा तिचा किडनीशी संबंध नसतो. तरी खात्रीसाठी रक्त-लघवी तपासून घेऊ, असे तुम्ही म्हणालात. किडनी खराब होते ती रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहिल्याने, आणि तो चढलेला असताना डोके दुखेलच असे नाही, किंबहुना काहीच जाणवत नाही, हे तुम्ही तिला दोनदा सांगितलेत. दुसऱ्यांदा तिने ते तुम्हाला स्वतःच्या शब्दांत परत सांगावे म्हणून थांबलात. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन ४० ही रक्तदाबाचीच दुसरी गोळी दिली आणि सूज ओसरली. त्या तपशिलात मी शिरत नाही. ते काम तुम्ही दोघांनी चोख केलेत एवढेच म्हणते.

त्या पिशवीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती म्हणजे गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची पाने. रक्तदाबाच्या गोळीने किडनी जाईल या भीतीने ती टाळणारी माझी आई, रक्तदाब वाढवू शकणारी आणि किडनीला खरोखर त्रास देऊ शकणारी वेदनाशामक गोळी मात्र चहाबरोबर बिनघोर घेत होती. अशा वेळी हसू येणे साहजिक होते. तुम्ही हसला नाहीत.

मिठाविषयीही तुमचे आभार मानायचे आहेत. ‘मीठ कमी करा’ हे वाक्य आईने इतक्या जणांकडून ऐकले होते की ते तिला ‘काळजी घ्या’ याच्याइतकेच पोकळ वाटू लागले होते. तुम्ही विचारलेत, ‘पावसात कालवण कसले करता?’ मग सुका बांगडा निघाला, सुकट निघाली, पेजेबरोबरची खारातली कैरी निघाली, सोलकढीचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, निघाले. तुम्ही यांपैकी एकाही पदार्थावर बंदी घातली नाहीत. आगळ मीठ घालूनच टिकवलेले असते, तेव्हा कढीत वेगळे मीठ नको. सुकी मासळी पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचे आणि त्या दिवशीच्या कालवणात वरून मीठ घालायचे नाही. कैरी रोज नको, सणासुदीला चालेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि तोही वरून घातलेल्या व पदार्थांत दडलेल्या मिठासकट. हा हिशोब तुम्ही आमच्याच रांधपातल्या बरण्यांवर मांडून दाखवलात, म्हणून तो तिला पटला. सैंधव चालते हा तिचा समजही तुम्ही हळूच दूर केलात. मी मुंबईहून मोठ्या कौतुकाने आणलेले कमी सोडियमचे मीठ तुम्ही बाजूला ठेवायला लावलेत. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, हे मला पाकिटावर कुठेही ठळक दिसले नव्हते.

कोणी म्हणेल की यात विशेष ते काय, हे तर तिचे कामच. २०१७ च्या अखेरीस भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, भंडारा आणि वर्ध्याबरोबर आपला सिंधुदुर्ग होता, आणि २०२२ मध्ये त्या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला, हे मी नंतर वाचले. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्यांचा अखंड पुरवठा, घराजवळ मिळणारी सेवा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही व्यवस्था नसती तर तुमचा एकटीचा चांगुलपणा फार दूर गेला नसता, हे मला मान्य आहे. गोळ्यांसाठी तालुक्याला जाण्याचा दिवस आणि भाडे वाचले, हाही त्या व्यवस्थेचाच उपकार. पण बुटक्या म्हातारीचे पाय अधांतरी राहतात तेव्हा काय करावे, हे कोणत्याही शासकीय तक्त्यात लिहिलेले नसावे. पाय टेकलेले हवेत एवढे तक्ता सांगतो. खोके शोधायला उठणारे माणूस लागते. आणि असे माणूस पगाराने, बढतीने किंवा कारवाईच्या धाकाने तयार करता येत नाही, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. तालुक्यातल्या त्या डॉक्टरांचे ज्ञान तुमच्याहून कमी नव्हते, पदव्या तर कितीतरी जास्त होत्या. समोरच्या बाईला उत्तर देण्यासारखे काही असेल असे त्यांना वाटले नाही, कमी पडले ते तेवढेच. एस.टी.त म्हातारीला खिडकीजवळची जागा देणारा कंडक्टर किंवा बँकेत फॉर्म उलटा धरलेला पाहून तो न बोलता सरळ करून देणारा शिपाई, हीही मला तुमच्याच जातकुळीची माणसे वाटतात.

आई घरी आल्यावर रक्तदाबाचा आकडा विसरली, गोळ्यांची नावे तर तिने कधी लक्षातच ठेवली नाहीत. पण मागील दारी बसून काकीला सांगत होती, ‘त्या चेडवान माझे पाय बघल्यान.’ म्हणजे त्या पोरीने माझे पाय पाहिले. आयुष्यभर भाताच्या चिखलात राबलेल्या त्या पायांकडे घरातल्या आम्ही सर्वांनी तरी असे कधी पाहिले होते का, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मला आत उठून जावे लागले.

आता ती रोज सकाळी पेज झाल्यावर दोन्ही गोळ्या घेते, पाऊस नसेल तेव्हा देवळापर्यंत चालून येते, आणि मिश्री पूर्ण सुटली नसली तरी सकाळच्या एका वेळेवर आली आहे. मागच्या तपासणीत आकडा १३२ आणि ८२ होता. तो तिने गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंकडून कागदावर लिहून घेतला आणि फोनवर मला वाचून दाखवायला शेजारच्या मुलाला बोलावले.

जाता जाता एक विनंती आहे. पुढच्या खेपेला आईबरोबर मी बाबांना पाठवत आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब तुम्ही तपासता, पण बाबांनी सत्तरी गाठेपर्यंत तो एकदाही तपासू दिलेला नाही. ‘मला काही होत नाही, मी फक्त हिला सोडायला आलो आहे,’ असे म्हणून ते बाहेर आंब्याखाली थांबतील; त्यांना आत बोलावून पट्टा बांधल्याशिवाय सोडू नका. त्यांचे पाय जमिनीला टेकतात.

आपली कृतज्ञ,
तुमच्या मावशीची मुंबईकर लेक