मिलिंदला पत्र: टॉम हाऊसविषयी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

क्लबने मुलांना गोलंदाजी शिकवायला बोलावलंय आणि तू म्हणतोस, "मी रणजीही खेळलो नाही, माझं कोण ऐकणार?" म्हणून तुला टॉम हाऊसबद्दल लिहितोय.

हा अमेरिकेतला डावखुरा बेसबॉल पिचर, म्हणजे आपल्या गोलंदाजासारखा चेंडू फेकणारा, तोही रिलीफचा. म्हणजे पहिला पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या जागेतून, ज्याला बोलावतात तो. १९७१ ते १९७८ अटलांटा, बोस्टन, सिएटल या संघांकडून खेळला. वेग जेमतेमच. ८ एप्रिल १९७४ ला त्याच्याच अटलांटा संघातल्या हँक ॲरनने ७१५वा होमरन (आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारून बेब रूथचा कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा चेंडू बुलपेनमध्ये उभ्या हाऊसनेच झेलला. त्या चेंडूवर मोठं बक्षीस लागलं होतं. हा मात्र धावत सुटला आणि चेंडू थेट ॲरनच्या हाती दिला.

पण त्याचं खरं मोठेपण मला पुढे दिसतं. १९८५ पासून टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाचा पिचिंग कोच असताना त्याने पिचरांना अमेरिकन फुटबॉल फेकायला लावला. लोकांनी चेष्टा केली. अरे, तो लांबट चेंडू सोडताना मनगट जरा चुकलं की हवेत डगमगतो, नीट सुटला तर गिरकी घेत सरळ जातो. कोचने ओरडायची गरजच नाही, पोराला आपली चूक डोळ्यांनी दिसते! नोलन रायन हा नावाजलेला पिचर बेचाळिशीत त्या संघात आला, तोही फुटबॉल फेकू लागला आणि १ मे १९९१ ला, वयाच्या ४४व्या वर्षी, त्याने सातवा नो-हिटर टाकला. अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, नाही.

हाऊसचा आणखी एक आग्रह तुझ्या खांद्याशी जुळतो. हात जोरात पुढे आला की त्याला आवरतात खांद्यामागचे स्नायू. ते कच्चे राहिले तर खांदा जातो, म्हणून तयारी त्यांचीही हवी. आपल्याला हे कुणी सांगितलंच नाही रे.

खेळताना स्टेरॉइड घेतल्याचं त्याने नंतर स्वतःहून जाहीर केलं, तेही मला मोलाचं वाटतं.

२००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्याच्याकडेच शिकायला गेले. दोघे भालाफेकीतले, बेसबॉल ठाऊकही नव्हता. त्याच वर्षअखेर पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाने दोघांना करारबद्ध केलं.

तेव्हा क्लबला होकार कळव. पहिल्या आठवड्यात मुलांना वेगाने टाकायला लावू नकोस, त्यांचे खांदे बघ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश