बांध नसलेलं गाव

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

पदवीदानाला आलो तेव्हा तू मला नॉटिंगहॅमचा किल्ला दाखवलास, बाजार दाखवलास. ध्यानात राहिलं ते तिथून जवळचं लॅक्स्टन गाव. परत येऊन महिना झाला तरी पारावर मी तेच सांगतोय आणि कुणाला खरं वाटत नाही.

तीन मोठी शिवारं, आत एक बांध नाही. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या, चांगलं रान एकालाच जाऊ नये म्हणून. एकीकडे गहू, दुसरीकडे वसंतातला पेरा, तिसरं पड. दरवर्षी पाळी फिरते. बाकीच्या इंग्लंडात अशी बहुतेक शिवारं कायदे करून कधीच कुंपणात गेली, इथली राहिली. १६३५ चा नकाशा बघितलास ना, पट्टीन् पट्टी काढलेली! आपल्याकडे १९४७ च्या कायद्यानं उलटं केलं. तुकडे जोडले, सर्व्हे नंबरांचे गट पाडले. भांडणं मात्र जोडली गेली नाहीत, ती आणखी वाढली.

मला त्यांचे पंच आवडले. नोव्हेंबरअखेर गावातलेच शेतकरी पेरलेल्या गव्हाच्या शिवारात उतरतात, हद्दीला खुंट्या ठोकतात, कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत नाहीतर वाटेवर नांगर घातला असेल तर टिपून घेतात. मग आठवड्याभराने डव्हकोट पबात कोर्ट भरतं. पबात! आणि तरी कायद्यानं मान्य असलेलं. दंड म्हणशील तर चहापाण्याएवढा. पण तो ज्याच्या रानात घुसलो त्याच्यादेखत भरायचा. आपल्याकडे मोजणीचा अर्ज, तारीख, वकील. तोवर दोन्ही घरची पोरं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

आता जे लिहितो ते आईला ठाऊक आहे, तुला नाही. विहिरीकडच्या रानात अण्णाच्या बाजूचा बांध त्यानं कोरला असं तू लहानपणापासून ऐकलंस. सुरुवात मी केली होती. ट्रॅक्टर नवा होता, कुणी बघत नव्हतं. मग त्यानं खालच्या अंगाला तेच केलं, आणि पुढची बारा वर्षं तुला माहीत आहेतच.

परवा त्याच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, पोळा झाला की दोघं मिळून खुंट्या ठोकू, गावातले दोन म्हातारे पंच घेऊ, मोजणी खात्याकडे जायचं नाही. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"किती तासं कोरलीस?"

"तीन."

"पाच," अण्णा म्हणाला, आणि आत चहा सांगितला.

तुझे,
दादा