चाळीस सत्रांचे पॅकेज घेण्याआधी

संपादक महोदय,

मधुमेहामुळे पायाची जखम चिघळली की हल्ली पुण्यात नातेवाइकांपुढे हायपरबेरिक ऑक्सिजनचे ३० ते ४० सत्रांचे पॅकेज ठेवले जाते. हा उपचार थोतांड नाही. पण रुग्ण पारखून न घेता दिला तर पैशाबरोबर दोन महिनेही जातात, आणि अशा पायाच्या बाबतीत दोन महिने फार झाले.

रुग्ण बंद चेंबरमध्ये नेहमीच्या हवेच्या २ ते २.५ पट दाबाखाली सुमारे दीड तास शुद्ध ऑक्सिजन घेतो. रक्तातले ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन एरवीही ऑक्सिजनने जवळपास भरलेलेच असते. वाढतो तो रक्तद्रवात विरघळणारा ऑक्सिजन: साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर, तर तिप्पट दाबाखाली ६ च्या आसपास. मात्र हे रक्त जखमेपर्यंत पोचले पाहिजे. पोटरीखालची धमनी तुंबलेली असेल, तर फुप्फुसात ऑक्सिजन कितीही भरा, अंगठ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आता हिशेब. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत ९४ रुग्ण होते. काहींना चेंबरमध्ये ऑक्सिजन, काहींना नुसती हवा. वर्षाअखेर जखम भरलेल्यांचे प्रमाण ५२ विरुद्ध २९ टक्के. एका सत्राचे ३,००० रुपये धरू (आपल्याला सांगितलेला दर इथे घालावा). ४० सत्रांचे १ लाख २० हजार, शंभर रुग्णांचे १ कोटी २० लाख. जास्तीच्या भरल्या जखमा २३, म्हणजे अशा एका जखमेमागे सव्वापाच लाखांच्या घरात. इंदापूर किंवा जुन्नरहून आठवडे-आठवडे येण्याजाण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी यात नाही. शिवाय ते रुग्ण निवडलेले होते: जखम तीन महिन्यांहून जुनी, आणि रक्तपुरवठा एक तर पुरेसा, नाही तर शस्त्रक्रियेने सुधारण्यापलीकडचा. नेदरलँड्समधल्या २०१८ च्या चाचणीत रक्तपुरवठा कमी असलेले १२० रुग्ण होते. तिथे जखम भरण्यात किंवा पाय वाचण्यात ठोस फरक दिसला नाही, आणि ऑक्सिजन गटातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सत्रे पुरी करता आली नाहीत. पॅकेजचे पैसे आगाऊ भरणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

तळव्याची जखम न भरण्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा चेंबरबाहेरच असते: पायावरचा भार. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून माणूस त्याच घट्ट्यावर चालत राहतो. खास बूट करून दिला तरी आपल्याकडे पादत्राण उंबऱ्याबाहेर काढायचे, त्यामुळे घरातल्या फरशीवर दिवसभर अनवाणीच चालणे होते. गुडघ्याखालपर्यंतचे, तळव्याला नीट बसणारे प्लॅस्टर याला चांगला उतारा आहे, कारण ते काढताच येत नाही. दर एक-दोन आठवड्यांनी ते बदलावे लागते. गंभीर जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा फारच कमी असेल तर मात्र ते घालू नये. त्याचा खर्च चेंबरच्या तुलनेत किरकोळ आहे.

रक्तपुरवठा तपासताना केवळ घोट्याच्या दाबावर विसंबू नये. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.३ च्या वर, दिसायला झकास येते. पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजावा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास होतो का ते पाहायला. तपासताना डॉक्टरांनी जखमेत घातलेली बोथट सळई हाडाला टेकली तर हाडाचा संसर्ग गृहीत धरून एक्स-रे, गरज पडल्यास एमआरआय.

एवढे करूनही महिनाभरात जखम हलली नाही, तर चेंबरचा विचार जरूर करावा. त्वचेवरचा ऑक्सिजन सेन्सर जखमेशेजारी लावून चेंबरमध्येच मोजमाप घेता येते. पाऱ्याच्या २०० मिलिमीटरच्या वर आकडा गेला नाही तर यशाची आशा कमी. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना २००३ पासून मधुमेही जखमेसाठी या उपचाराचे पैसे देते ते जखम वॅग्नर श्रेणी ३ (म्हणजे खोलवर, हाडापर्यंत संसर्ग किंवा गळू झालेली) किंवा त्याहून गंभीर असेल, ३० दिवसांच्या नेहमीच्या उपचारांनी सुधारणा नसेल तेव्हाच. पुढेही दर ३० दिवसांनी मोजमापात प्रगती दिसावी लागते. मोजायला यंत्र लागत नाही. जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून मार्करने कड काढायची, ते प्लॅस्टिक चौकटीच्या वहीवर ठेवून घरे मोजायची. ‘बरी दिसतेय’ हे मोजमाप नव्हे.

चेंबरमध्ये काही बिघडतेही. दाब वाढताना कान दुखतो, क्वचित पडदा फाटतो. साखर उतरते, म्हणून आत जाण्याआधी ती १०० च्या आसपास असेल तर आधी खाऊ घालावे. डोक्याला तेल, नायलॉनची साडी, मोबाइल हे काहीही आत चालत नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आणि १.३ पट दाबाच्या फुगवायच्या मऊ पिशव्या म्हणजे हा उपचार नव्हे, भले त्यांचे नाव सारखे असो.

रुग्णालयांनी अंदाजपत्रकावर जखमेचे क्षेत्रफळ, अंगठ्याचा दाब आणि पहिल्या फेरतपासणीची तारीख छापावी, आणि पैसे दहा-दहा सत्रांचे घ्यावेत. विमा कंपन्यांनीही हेच कागद मागावेत.

– मधुमेही पायाच्या जखमांवर उपचार करणारे दोन शल्यचिकित्सक, पुणे